हज्जा उभी राहीपर्यंत

मैसूनचं काय करायचं हे ठरलं तेव्हा मैसून स्वयंपाकघराच्या दारात बसून बुटांना पॉलिश करत होती. काळे, नाडीचे, पुढून गोल बूट. असले बूट त्या गावात आजवर कुठल्या बाईच्या पायात कुणी पाहिले नव्हते. आई ते दिसले की नाक मुरडायची, "पुरुषाचे खेटर" म्हणायची आणि मग स्वतःच ते उचलून उन्हात ठेवायची.

ठरवणारे बसले होते गावाच्या दुसऱ्या टोकाला, मित्रिकच्या बैठकीत. सगळे पुरुष. ज्या दोन बायांबद्दल बोलणं चाललं होतं त्यांतली एक बूट घासत होती आणि दुसरी भिंतीपलीकडच्या खोलीत खुब्यात खिळे ठोकून घेऊन आढ्याकडे बघत पडली होती. दोघींपैकी कुणालाही कुणी काही विचारलं नाही, आणि त्यात कुणाला काही वावगंही वाटलं नाही.

झालं होतं ते असं. मैसूनचा थोरला भाऊ हाबिस गिरणीपुढे गाडी मागे घेत होता. गाडीत जवाची पोती. रस्त्याकडेला म्हातारी फिद्दा, वयाच्या मानाने सगळ्यांची हज्जा, रानभाजी खुडायला वाकली होती. पाऊस बरा झाला होता, भाजी रस्त्यापर्यंत माजली होती. हाबिस नंतर कुराणावर हात ठेवून सांगत होता की मी मागे बघितलं होतं. बघितलं असेल, पण हज्जा त्याला दिसली नाही, आणि गाडीच्या धक्क्याने ती उताणी पडली ती उठलीच नाही. खुब्यापाशी हाड मोडलं. करक शहरातल्या हॉस्पिटलात खिळे घालून ते जागेवर बसवलं आणि घरी पाठवलं.

हज्जा दुसऱ्या टोळीची. तेव्हा पुढचं जे व्हायचं ते रीतीप्रमाणे झालं. मैसूनचे वडील, अबू हाबिस, म्हणजे हाबिसचा बाप, यांनी पंचक्रोशीतले वडीलधारे गोळा केले, शेख मिस्लेहना पुढे घातलं आणि सगळे मिळून मित्रिकच्या दारी गेले. मित्रिक हा हज्जाचा मुलगा. वाटेत अबू हाबिस शेखना म्हणाले, "शेख, माझ्या वतीने तुम्ही जे कबूल कराल ते माझ्या मानेवर." असंच म्हणतात. बाप म्हणाला, आजा म्हणाला, त्याच्या आधीचेही म्हणाले असतील. कोरा कागद सही करून देण्याची ही रीत त्या डोंगरात कुणालाही मूर्खपणाची वाटत नाही. तिला मोठेपणा म्हणतात.

मित्रिकने कॉफी ओतली. शेखनी पेला घेतला आणि न पिता समोर ठेवला. मागणं मान्य झाल्याशिवाय तो ओठाला लागणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक.

"घ्या शेख, कॉफी घ्या," मित्रिक म्हणाला. "देवासाठी आणि तुमच्या दाढीसाठी आम्ही सगळं सोडलं. पैसा नको, पोलीस नको, पोराला तुरुंग नको."

बैठकीत वाहवा झाली. अबू हाबिसांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"एवढंच," मित्रिक म्हणाला, "की माझी आई पडून आहे. अबू हाबिसच्या घरात नर्स आहे म्हणतात. आई स्वतःच्या पायावर उभी राहून आल्यागेल्याला आपल्या हाताने कॉफी देईपर्यंत त्या मुलीने तिचं बघावं."

"दिली," शेख म्हणाले, छातीवर हात ठेवला आणि पेला रिकामा केला.

इतक्या स्वस्तात सुटलो म्हणून सगळे आनंदाने घरी आले. अबू हाबिस दारातूनच ओरडले, "सुटला पोरगा! सुटला!" आई रडायला लागली, हाबिस बापाच्या डोक्याचे मुके घ्यायला लागला. मैसूनही हातातल्या बुटासकट हसत उभी राहिली. मग उरलेलं वाक्य बाहेर आलं, आणि तिने बूट खाली ठेवला.

"यबा," ती म्हणाली, "माझं ट्रेनिंग?"

बापाला ते खरंच आठवलं नव्हतं. आणि हा काही वाईट बाप नव्हता हो! उलट तो नसता तर ती इथवर आलीच नसती. जन्मभर सैन्यात राहून हवालदार म्हणून निवृत्त झालेला माणूस. सगळी हयात दुसऱ्यांना सलाम ठोकण्यात गेली. घरात एक अधिकारी व्हावा ही इच्छा. हाबिस शाळेतच गारद झाला. धाकटी पोर मात्र नर्सिंगला गेली, पास झाली, गावच्या दवाखान्यात वर्षभर इंजेक्शनं टोचत राहिली आणि यंदा तिचं नाव लष्करी नर्सच्या यादीत लागलं. अधिकाऱ्याचं ट्रेनिंग अम्मानच्या पलीकडे. ते पुरं केलं की खांद्यावर तारा. यंदा नाही तर कधीच नाही, कारण पुढच्या वर्षी तिचं वय नियमात बसत नव्हतं.

त्या दिवसापासून बाप-लेकीने घरामागच्या खळ्याचं कवायतीचं मैदान केलं होतं. पहाटे ती धावायची. आईने हट्टाने घालायला लावलेला लांब झगा पायात यायचा, म्हणून तो खोचून धावायची. बाप दगडावर बसून ओरडायचा, "कोपर आत! हनुवटी वर! तू कोंबडी आहेस का सैनिक?" सलाम तर त्याने तिच्याकडून इतका घोटून घेतला की एकदा दवाखान्यात डॉक्टर आत आले तेव्हा तिचा हात आपोआप कपाळाला गेला आणि रांगेतले रोगी हसून खाली बसले.

आणि आता हे.

"किती दिवस लागतील?" बापाने विचारलं.

"ते माझ्या हातात नाही, यबा. हाडाच्या हातात आहे."

"मग देव करेल ते लवकर करेल," तो म्हणाला, आणि बाहेर जाऊन विनाकारण बकऱ्या मोजायला लागला.

*

हज्जा फिद्दा काही साधी बाई नव्हती. नवरा गेला तेव्हा मित्रिक दुधपिता होता. दीर म्हणाले, बैठक बंद कर, बाईने पुरुषांना कॉफी द्यायची नसते. तिने बैठकीचं दार त्याच दिवशी आणखी रुंद उघडलं. स्वतः बिया भाजल्या, स्वतः कुटल्या, स्वतः ओतली. तिच्या कुटण्याचा ठेका ऐकून लोक वाट वाकडी करून यायचे. मुलगा मोठा होऊन बैठक सांभाळू लागला तरी सणावाराला पहिला पेला तिच्याच हातचा. मित्रिकने ती अट घातली ती उगीच नव्हे. त्याच्या लेखी आई बरी होणं म्हणजे तेच होतं.

मैसून पहिल्या दिवशी उंबऱ्याशी उभी राहिली तेव्हा हज्जाने मान न वळवता विचारलं, "हाबिसची बहीण का तू?"

"हो, हज्जा."

"तुला गाडी चालवता येते?"

"नाही."

"मग ये आत."

पाठीला तेल लावायला घेतलं तर म्हणाली, "अंगाला हात लावायचा नाही."

"हात न लावता तेल कसं लावू?"

"कॉलेजात शिकवलं नाही होय? मग काय शिकवलं? बूट घालायला?"

सून नजाह दारातून तोंडाला ओढणी लावून हसत होती. तीन पोरं, एक पोटात, वर ही सासू, त्यामुळे मैसून आल्याचं सगळ्यांत जास्त सुख तिलाच होतं. "बाई, तू जाऊ नकोस हं लवकर," ती मैसूनच्या कानात म्हणाली. चांगल्या मनाने म्हणाली.

पण काम म्हटलं की मैसून चोख. हज्जाला कुशीवर वळवायचं, पायाच्या मधे उशी ठेवायची, टाचेला जखम होऊ द्यायची नाही, दुखऱ्या पायावर तसूभर भार टाकू द्यायचा नाही. हज्जा शिव्या देत करून घ्यायची. "तुझा भाऊ एका धक्क्यात मोकळा झाला, तू मला थोडी थोडी मारतेस," असं म्हणायची आणि जेवताना आपल्या ताटातला मांसाचा बरा तुकडा गुपचूप तिच्याकडे सरकवायची.

मैसूनने तयारी सोडली नव्हती. पहाटे हज्जाला औषध दिलं की ती परक्यांच्या अंगणात कवायत करायची. डाळिंबाच्या झाडापासून फाटकापर्यंत, फाटकापासून झाडापर्यंत. एकदा खिडकीतून खणखणीत आवाज आला.

"अगं ए लेफ्टनंटीणबाई! वळताना उजव्या टाचेवर वळतात. तू काय पीठ मळतेस?"

मैसून थबकली. "तुम्हाला काय माहीत, हज्जा?"

"काय माहीत? माझा नवरा वाळवंटातल्या फौजेत होता. लग्न झाल्यावर दोन उन्हाळे किल्ल्याच्या भिंतीला लागून आमची राहुटी होती. दुसरं बघायला होतं काय? उंट आणि कवायत. उंट जास्त शिस्तीचे. चल, सावधान!"

तेव्हापासून रोज हज्जा खिडकीतून हुकूम सोडायची. "डावा! उजवा! डावा! मान वर, जमिनीवर कुणी दिरहम टाकलेत का?" गल्लीतल्या बायका भिंतीवरून बघायला लागल्या. मित्रिकने एकदा कपाळाला आठी घातली तर हज्जा म्हणाली, "तुला त्रास होत असेल तर बैठकीत जाऊन बस. मी इथे फौज उभी करतेय." मैसूनला त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा खळखळून हसू आलं.

ट्रेनिंगची तारीख मात्र तिने हज्जाला सांगितली नाही. सांगून काय होणार होतं? हाड काही ऐकणार नव्हतं.

एक्स-रे काढायला करकला नेलं. तरुण डॉक्टरने फिल्म उजेडात धरली आणि मैसूननेही त्याच्या खांद्यावरून बघितली. त्याने काही बोलायच्या आधीच तिला कळलं. मोडलेल्या जागी काळी रेघ होती तशीच होती.

"भार द्यायचा नाही," डॉक्टर म्हणाला. "गव्हाची कापणी आटपेपर्यंत तरी नाही. आत्ता उभी राहिली तर खिळे हाड फाडून बाहेर येतील. मग म्हातारी कायमची खाटेवर."

ट्रेनिंग कापणीच्या ऐन तोंडावर सुरू होणार होतं.

त्या आठवड्यात मैसूनने जेवढी दारं होती तेवढी ठोठावली. आधी मित्रिक. "भाऊ, करकहून एक अनुभवी बाई आणून देते. माझ्यापेक्षा चांगली. पगार यबा देईल."

मित्रिक ओशाळून गुडघ्यावरची धूळ झटकत राहिला. "बहिणी, शब्द अबू हाबिसच्या मुलीचा झालाय. मी दुसरी घेतली तर लोक म्हणतील मित्रिकला नोकर हवी होती. मी नोकर मागितली नव्हती. मान मागितला होता."

मग शेख मिस्लेह. बापाबरोबर ती स्वतः गेली. मुलीने जायची पद्धत नव्हती, पण पद्धतीचं आता तिला फारसं सोयरसुतक उरलं नव्हतं. शेखनी तिला मुलासारखी जवळ बसवली, मरमियाचा पाला घातलेला चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं. भला माणूस. त्या गोष्टीत सगळेच भले होते, हीच तर पंचाईत.

"पोरी, तू माझ्या लेकीसारखी. पण मी त्या घरची कॉफी प्यायलोय."

"प्यायलात तुम्ही, शेख, आणि पोटात दुखतंय माझ्या."

बापाने तिच्या दंडाला चिमटा काढला. शेख मात्र मांडीवर थाप मारून हसले. "तिखट आहे हो तुझी पोर, अबू हाबिस! फौजेत नाव काढेल." मग गंभीर झाले. "हे बघ, उद्या मी जाऊन म्हटलं, माझा शब्द मागे घ्या, तर हाबिसचं प्रकरण पुन्हा उघडं. दोन टोळ्या पुन्हा समोरासमोर. माझं तोंड काळं झालं तर पुढच्या भांडणात माझं कोण ऐकेल? फौजेला म्हणावं थोडं थांब."

फौजेला तेही विचारून झालं. बाप जुनी टोपी घालून अम्मानला गेला. तिथल्या मोठ्या नर्सबाईंनी त्याला खुर्ची दिली, त्याच्या नोकरीची चौकशी केली, आणि सांगितलं की ठरल्या दिवशी फाटकात जी मुलगी हजर नसेल तिची जागा यादीतल्या पुढच्या मुलीला. तिच्याही बापाने अशीच टोपी घातली असेल, त्या म्हणाल्या. घरी येऊन हे सांगताना बापाने टोपी काढली आणि ती कुठे ठेवावी ते त्याला सुचेना. शेवटी त्याने ती खिशात कोंबली.

मैसूनने बूट पुन्हा एकदा घासले, कापडात गुंडाळले आणि कपाटावर टाकले. दुसऱ्या दिवशी पहाटे अंगणात ती आली नाही.

"आज फौज संपावर?" हज्जाने विचारलं.

"पाय दुखतोय."

"तुझा? पाय माझा मोडलाय!"

मैसून रिकामं भांडं उचलून बाहेर गेली. हज्जाने तिला जाताना नीट निरखलं, मग नजाहला हाक मारली आणि दार लावून घ्यायला सांगितलं. नजाहच्या पोटात काय राहतंय? तिने सगळं सांगितलं. तारीख, यादी, वयाचा नियम, शेख, मित्रिकचा मान, झाडून सगळं.

मैसून परत खोलीत आली तेव्हा हज्जा भिंतीकडे तोंड करून होती.

"मला कुणी विचारलं?" ती भिंतीलाच म्हणाली. "माझी मांडी, माझं घर, माझी कॉफी. आणि मला कुणी विचारलं नाही."

"मलाही नाही, हज्जा."

"तुझं सोड. तू अजून कोण आहेस?"

*

ट्रेनिंगच्या आधीचा शुक्रवार. हज्जा सकाळपासून गोड बोलत होती, तिथेच मैसूनला संशय यायला हवा होता. "जा, घरी जाऊन आईच्या हातचं जेव. किती दिवस झाले. नमाज झाल्यावर सावकाश ये. नजाह आहे इथे." मैसून गेली. आईने दह्यातलं मांस आणि भात पुढे ठेवला. घरात बाप नव्हता. हाबिस म्हणाला, नमाजावरूनच शेखबरोबर कुठेतरी गेलाय, मित्रिकचा निरोप होता.

मैसूनचा घास हातातच राहिला. दूरवरून ठेका ऐकू येत होता. लाकडी उखळात मुसळ. ठक, ठकठक, मग कडेला खणकन एक टोला, पुन्हा ठक. आईची मान वर झाली.

"या अल्लाह," आई म्हणाली. "फिद्दा कुटतेय!"

मैसून धावली. खळ्यावर धावण्याचा सराव केला होता तो तिथे कामी आला. मित्रिकच्या अंगणात चपलांचा ढीग. बैठकीचं दार सताड उघडं. आत भिंतीला टेकून सगळे तेच पुरुष बसलेले, शेख मधे, बाप त्यांच्या शेजारी. आणि समोर हज्जा फिद्दा उभी. काठी नाही, कुणाचा आधार नाही, नवा काळा झगा, डाव्या हातात पितळी किटली, उजव्यात पेला. ताठ. वाकून ओतते, पुढे सरकते, पुढच्याला देते.

पुरुष तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. मैसून झग्याच्या काठाकडे बघत होती. डावं पाऊल बाहेरच्या अंगाला वळलं होतं. वळून तसंच राहिलं होतं. एका बाजूचा काठ जमिनीवर लोळत होता आणि एका बाजूचा नव्हता.

"बसवा तिला!" ती ओरडली. "यबा, बसवा तिला खाली! हाड—"

सगळ्यांच्या माना वळल्या. कुणीतरी हसलं. "बघा बघा, पोरीला आता इथून जायचं नाही!"

"आत ये की, लेफ्टनंटीणबाई," हज्जा म्हणाली. आवाज खणखणीत, पण वरच्या ओठावर घामाचे थेंब उभे. "आरडाओरडा कसला? तूही घे. आज माझ्या हातची आहे."

तिने शेखपुढे पेला धरला. शेखनी घेतला, एका घोटात प्यायले, पुरे म्हणून पेला बोटांत हलवून परत दिला. "देवाची कृपा! मित्रिक, तुझी आई उभी राहिली. शब्द पुरा झाला. अबू हाबिस, तुझी मान मोकळी."

"पुरा झाला," मित्रिक म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. आईला पुन्हा असं बघायला मिळेल असं त्याला वाटलं नव्हतं. त्याला त्या पावलाचं कोण सांगणार?

मैसूनने सांगितलं. बैठकीत, सगळ्यांदेखत, नर्स म्हणून, जितकं नीट सांगता येईल तितकं सांगितलं. खिळे, भार, काळी रेघ. वडीलधाऱ्यांनी कौतुकाने ऐकून घेतलं. किती काळजी करते पोर! पण म्हातारी समोर उभी होती, आणि उभ्या माणसाला तुझा पाय मोडलाय हे पटवणार कसं? बापाने तिचा दंड धरला. "पुरे. तुला काय हवं होतं ते झालं ना? मग?"

आतल्या खोलीत नेल्यावर हज्जा खाटेवर कोसळली. आता मात्र तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो मैसूनने दवाखान्यात फक्त बाळंतिणींचा ऐकला होता. तिने दोन्ही पाय शेजारी शेजारी ठेवून बघितले. डावा बोटभर आखूड.

"काय केलंस हे?" मैसून रडत होती. अहोजाहो कधी गळून पडलं ते तिला कळलंही नाही. "माझ्यासाठी कशाला केलंस?"

"तुझ्यासाठी?" हज्जाने दातांवर दात दाबून धरले. "तू कोण लागून गेलीस? दुसऱ्याची पोर माझ्या घरात गहाण पडली, आणि लोक ते माझ्या नावावर टाकतात! माझ्या बैठकीत आजवर कुणाला अडकवून ठेवलं नाही. आता नीघ. नीघ, म्हणतेय ना. आणि वळताना उजवी टाच."

मैसूनने मित्रिकला तीनतीनदा बजावलं. आजच हॉस्पिटलात न्या, उचलून न्या, पाय सरळ बांधून. मित्रिक म्हणाला, नेतो. मग म्हणाला, उद्या नेतो, आज घरात पाहुणे आहेत. रविवारी पहाटे बाप तिला अम्मानच्या बसमध्ये बसवून आला. बूट आईने स्वतः कपाटावरून काढून दिले होते.

*

ट्रेनिंग तिला जड गेलं नाही. तिच्या तुकडीतल्या मुलींच्या टाचा सोलल्या, शहरातल्या दोघी रडून घरी गेल्या. कवायतीच्या दुसऱ्याच दिवशी शिकवणाऱ्या बाई तिच्यासमोर थांबल्या. "हे वळणं कुठे शिकलीस?" मैसून म्हणाली, गावात, एका आजीकडे. बाई म्हणाल्या, थट्टा करू नकोस.

घरून बातमी उडत उडत यायची. हज्जाला हॉस्पिटलात नेलंच नव्हतं. नेणार होते, पण तीच तयार होईना. आधी म्हणाली, पाहुणे जाऊ देत. मग म्हणाली, दुखत नाही. मग पाय तसाच राहिला आणि ती खाटेवर ती खाटेवरच. मैसूनने तिथल्या हाडांच्या डॉक्टरांना धीर करून विचारलं. ते म्हणाले, आणा, जुनं हाड काढून धातूची गोटी बसवू, चालेलसुद्धा. पण आणा.

पहिली सुट्टी मिळाली तेव्हा कापणी होऊन गेली होती. बसमधून उतरली ती गणवेशातच मित्रिकच्या घरी. गल्लीतल्या बायका भिंतीवरून बघत होत्या. हज्जा फार बारीक झाली होती, पण जीभ जागेवर होती.

"आलीस? टोपी वाकडी आहे."

मैसूनने टोपी सरळ केली. नजाहने कॉफी आणली. मैसूनने पेला घेतला आणि न पिता समोरच्या चटईवर ठेवला.

नजाह दचकली. हज्जाने पेल्याकडे बघितलं, मैसूनकडे बघितलं आणि हसायला लागली, हसता हसता खोकायला लागली. "अरे वा! मागणं घेऊन आलीस! एकटीच? तुझे दाढीवाले कुठायत?"

"एकटीच."

"बोल मग."

"माझ्याबरोबर अम्मानला चल. दुसरं ऑपरेशन करतात. मी डॉक्टरांशी बोललेय. पुन्हा उभी राहशील."

"राहिले की एकदा उभी. सगळ्यांनी बघितली."

"हज्जा, तू हो म्हणेपर्यंत मी हा पेला उचलणार नाही."

"नको उचलूस." हज्जाने डोळे मिटले. रागाने नाही. दमली होती. "ती पुरुषांची रीत, पोरी. त्यांचा पेला खाली राहिला तर गावात रक्त सांडतं, म्हणून घाबरून हो म्हणतात. तुझा राहिला तर काय होईल? कॉफी निवेल."

मैसून तरी बसून राहिली. पाय तपासला, टाचेची जखम धुतली, मित्रिकला दोन शब्द सुनावले. मित्रिक म्हणाला, तिचं मन वळव, मी आज गाडी काढतो. मन वळलं नाही. ऊन भिंतीवरून खाली आलं, कॉफीवर साय धरल्यासारखा थर आला. अबू हाबिस दोनदा दारात येऊन गेले. बसची वेळ झाली होती, आणि सुट्टीवरून उशिरा परतणाऱ्या मुलीचं काय होतं ते त्यांना पुरतं माहीत होतं.

ती उठली. हज्जाचे डोळे मिटलेलेच होते. ती दारापर्यंत गेली, परत आली, पेल्याकडे बघितलं, तो तसाच ठेवला आणि अंगणात उतरली. डाळिंबाखाली आली तेव्हा तिने ठरवलं की नाही जायचं, परत फिरायचं, म्हातारीला उचलून न्यायचं.

"डावा!" खिडकीतून आवाज आला. पूर्वीसारखा खणखणीत नव्हता, तरी हुकूमच होता. "उजवा! डावा! डावा!"

आणि मैसूनचे पाय, त्या काळ्या बुटांतले, तिला न विचारता फाटकाकडे चालत राहिले.